जुन्या तारखेचं पाळीपत्रक

१

कालव्यावरच्या जळबा मजुराचं प्रेत बोगद्याच्या खालच्या तोंडाशी, कचरा अडवायच्या लोखंडी जाळीला चिकटलेलं सापडलं.

सोमवारचा दिवस होता, चौदा फेब्रुवारी एकोणीसशे सत्त्याहत्तर. गाळ काढायला बोलावलेल्या बाया दहाच्या सुमाराला टोपल्या घेऊन आल्या. कालवा कोरडा असणार असं त्यांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात तो काठाला लागून वाहत होता. जाळीपाशी आधी एक मुंडासं दिसलं, मग हात.

हिवरखेड्याजवळ कालवा एका ओढ्याच्या खालून जातो. वरून ओढा आणि खालून शंभर फूट लांबीच्या दगडी बोगद्यातून कालवा. बोगदा एवढाच उंच की माणूस वाकून चालेल. पाणी आलं तर छतापर्यंत भरतो, मध्ये हवा राहत नाही.

फौजदार सोनाजी पाईकराव शिपाई रतनसिंगला घेऊन बाराला पोचले. तोवर दरवाजा बंद करून पाणी थांबवलं होतं आणि प्रेत काठावर घेतलं होतं. जळबाची बायको पंचफुला शेजारी बसली होती. रडत नव्हती. पदराचं टोक बोटावर गुंडाळून ती नवऱ्याच्या कानातला गाळ काढत होती. एक कान झाला की डोकं हलकेच वळवून दुसरा.

थोड्या अंतरावर बाभळीला एक म्हातारा दोरीनं बांधलेला होता. तो संतराम, कालव्याच्या चार नंबरच्या दरवाजाचा राखणदार. गावकऱ्यांनीच त्याला बांधलं होतं.

"यानंच पाणी सोडलं," गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "कचेरीत बंदचा हुकूम लागलाय आन् ह्यो चाक फिरवून बसला!"

"सोडा त्याला," सोनाजी म्हणाले.

दोर सुटला तरी संतराम जागचा हलला नाही. प्रेताकडं बघत म्हणाला, "फळ्यावर लिवलं व्हतं ते केलं साहेब. आट वर्सं झाली, फळ्यावर लिवलं तेच करतो मी."

दरवाजा तिथून मैलभर वर, वळणाच्या पलीकडं होता. सोनाजी तिथवर चालत गेले. संतरामच्या चौकीत भिंतीवर घड्याळ होतं आणि घड्याळाखाली काळा फळा. फळ्यावर वाकड्यातिकड्या पण ठळक अक्षरात ओळी होत्या. त्यांतली एक अशी होती:

सोमवार. सकाळी ८. दरवाजा ४ दोन फूट उघडणे.

२

कालव्याचं पाणी ज्या कागदावर चालतं त्याला पाळीपत्रक म्हणतात. कोणत्या वारी, किती वाजता, कोणता दरवाजा किती उघडायचा आणि कधी बंद करायचा, हे त्यात ओळीनं लिहिलेलं असतं. हिवरखेड्याच्या कालवा कचेरीबाहेर काचेच्या कुलूपबंद पेटीत ते लावलेलं असे. राखणदारानं रोज दुपारी चारला तिथं यायचं, पाळीपत्रक बघायचं, त्यात बदल असेल तर आपल्या चौकीतल्या फळ्यावर उतरवून घ्यायचा आणि घड्याळाच्या काट्याबरोबर त्याप्रमाणं चाक फिरवायचं.

सोनाजींनी पेटीतला कागद वाचला. रविवारी संध्याकाळी सहाला दरवाजा बंद. सोमवार, मंगळवार बंदच. बुधवारी सकाळी उघडणे. कोपऱ्यात तारखेचा जांभळा शिक्का होता: ११ फेब्रुवारी.

"शुक्रवारीच लावलं मी," कारकून ग्यानोबा म्हणाला. चाळिशीचा, स्वच्छ सदऱ्यातला, बारीक आवाजाचा माणूस. "साहेबांनी सांगितलं, बोगद्यातला गाळ काढायचा, दोन दिवस पाणी बंद ठेवा. मी नवं पत्रक लिहिलं, शिक्का मारला, पेटीत लावलं. किल्ली माझ्याकडंच असते. संतराम आला नसेल. म्हातारा झालाय."

"आधीच्या पत्रकात सोमवारी काय होतं?"

"रविवारी सहाला बंद आणि सोमवारी आठला सुरू."

म्हणजे रविवारच्या रात्री कालवा दोन्ही हिशेबांनी कोरडाच असणार होता. सकाळी बोगद्यात उतरणाऱ्याला काहीच खटकलं नसतं.

कचेरीच्या समोर सखुबाईचं हॉटेल होतं. हॉटेल कसलं, पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी आणि एक चूल. सोनाजींनी चहा मागवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "संतराम येतो का हो रोज कचेरीवर?"

"त्याच्यावरच तर मी दुपारचं दूध चुलीवर ठिवते," सखुबाई म्हणाली. "बराबर चारला येतो. शुक्रवारी आला, शनवारी आला, काल ऐतवारीबी आला. पेटीपाशी उभा ऱ्हायला, बघितलं आन् गेला."

"तिन्ही दिवस बघितलं?"

"तिनी दिवस. मी खोटं काहून बोलू?"

रतनसिंगनं कपाळाला हात लावला. "साहब, मतलब इसको मालूम था कि पानी बंद है. मालूम असून यानं दरवाजा उघडला. गलती न्हाई ही. खून हाय."

३

संतरामला ठाण्यात आणलं होतं. त्यानं दिलेल्या भाकरीला हात लावला नव्हता.

"तुमचं आणि जळबाचं काही भांडण?"

"न्हाई साहेब. त्याच्या लगनात जेवलोय मी."

"तीन दिवस तुम्ही पेटीतलं पत्रक पाहिलं. त्यात सोमवारी बंद लिहिलंय. मग फळ्यावर का नाही उतरवलं?"

संतराम गोंधळला. "बदललं कुटं व्हतं ते?"

सोनाजींनी खुर्ची पुढं ओढली. "तुम्ही पत्रक कसं बघता ते मला नीट सांगा. पेटीपाशी उभे राहिल्यापासून."

"कोपरा बघतो," संतराम म्हणाला. "मी साळंत न्हाई गेलो साहेब. मोठ्यापणी अक्षरं शिकलो, एक वळ वाचायला मला बिडी संपंल येवढा येळ लागतो. पैल्या वर्सी मी रोज समदा कागद वाचायचो. तवा ग्यानोबा कारकूनच बोलला, अरे येड्या, कागद बदलला की कोपऱ्यात नवी तारीख येतीच. तारीख तीच आसंल तर माघारी फिर. नवी आसंल तर समदं पुसून पैल्यापासून उतरव. तवापासून मी तारीख बघतो. माझ्या फळ्यावरबी कोपऱ्यात तीच लिवतो, मंजी घोळ नको."

सोनाजींना फळा आठवला. वरच्या कोपऱ्यात एकतीस जानेवारी होतं.

"शुक्रवारी पेटीत कोणती तारीख होती?"

"येकतीस जानेवारी."

"शनिवारी?"

"येकतीस जानेवारी. कालबी तीच. म्हणून तर माघारी फिरलो." त्यानं हात जोडले. "साहेब, मी आटला चाक फिरवलं तवा पाणी नेहमीसारखंच गेलं. मला काय ठावं आत माणूस हाय म्हणून."

बाहेर आल्यावर रतनसिंग म्हणाला, "झूठ बोल रहा है. पेटीतल्या कागदावर अकरा तारीख हाय, आपण दोघांनी बघितली."

"आज बघितली," सोनाजी म्हणाले. "काल नाही."

४

पंचफुलाचं घर बौद्ध वस्तीत, गावाच्या पार खालच्या अंगाला होतं. कालव्याची शेवटची चारी तिथवर येत होती, पण तिच्यात पाणी पोचून वर्षं झाली होती. चारीत गुडघाभर तरवड उगवला होता. वस्तीची सात वावरं नुसत्या पावसावर चालत.

सोनाजी दारात टेकले. पंचफुलानं त्यांचं आडनाव विचारलं, मग हातातलं सूप खाली ठेवलं.

"बाया दहाला आल्या," सोनाजी म्हणाले. "तुझा नवरा एकटाच आठला आत का उतरला?"

"निरोप आला व्हता. काल सांजच्याला जनकाबाई आली, कचेरीत झाडलोट करती ती. बोलली, साहेब नऊला पाहणीला येणार हायेत. तू आटलाच बोगद्यात उतर, मधला गाळ बाजूला करून ठिव."

"कोणत्या साहेबांचा निरोप?"

"शाखाधिकारी साहेबाचा, आसं बोलली."

"आणखी काही? कुणाशी वाकडं होतं का त्याचं?"

 "न्हाई," ती म्हणाली आणि परत सूप उचललं. सूप रिकामं होतं, तरी ती ते पाखडत राहिली.

शाखाधिकारी पंचविशीतला, नुकताच नोकरीला लागलेला इंजिनियर होता. निरोपाचं ऐकून तो उभाच राहिला.

"मी कसलाही निरोप पाठवला नाही! मी स्वतः दहाला जाणार होतो." मग खाली बसून म्हणाला, "गुरुवारी जळबा मला कालव्यावर भेटला. म्हणाला, साहेब, दोन दिवस पाणी बंद करा, बोगद्यात तुम्हाला एक गोष्ट दाखवतो. काय ते सांगेना. मी कचेरीत येऊन ग्यानोबाला म्हटलं, गाळ काढायच्या निमित्तानं पाणी बंद ठेवू."

"जळबा काही दाखवणार आहे, हे ग्यानोबाला सांगितलंत?"

"सांगितलं असेन. त्यात लपवण्यासारखं काय होतं?"

ग्यानोबाला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "निरोप साहेबांचाच होता. मी फक्त जनकाबाईला पोचवायला सांगितलं. आता साहेब नाही म्हणत असतील तर मी गरीब कारकून काय बोलणार?"

दोघांतला एक खोटं बोलत होता. कोण, ते ठरवायला सोनाजींकडं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बूट काढले, पँट वर दुमडली आणि कंदील घेऊन बोगद्यात उतरले. आत शेवाळ्याचा वास होता आणि वरून ओढ्याचं पाणी ठिबकत होतं. बोगद्याच्या मध्यावर जळबाचं फावडं गाळात रुतलेलं मिळालं. तिथं डाव्या भिंतीशी गाळ उकरलेला होता. सोनाजींनी हातानं आणखी उकरलं. भिंतीच्या तळाशी दगड फोडून बसवलेला सिमेंटचा नळ होता, घागर आत जाईल एवढा रुंद.

नळ कुठं निघतो ते शोधायला रतनसिंगला अर्धा दिवस लागला. काठापलीकडं दोन शेतं ओलांडून एका जुन्या विहिरीत तो निघत होता. विहिरीवर इंजिन होतं, आणि भोवती फेब्रुवारीच्या त्या करड्या शिवारात हिरवीगार केळीची बाग.

"कुणाची बाग?" सोनाजींनी विचारलं.

वाटेनं जाणारा गडी म्हणाला, "समद्यांला ठावं हाय साहेब. कोंडीबा पाटलाची."

५

कोंडीबा पाटील ओट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होता. त्यानं बसा म्हटलं नाही.

"तुमच्यातला मेला म्हणून तुमी एवढं उकरून राहिले," तो म्हणाला. "आमच्यातला गडी मेला असता तर पंचनामा करून गेले असते."

रतनसिंग पुढं सरला. सोनाजींनी त्याला डोळ्यानंच थांबवलं. असली वाक्यं ऐकायची त्यांना नोकरीत सवय झाली होती. लागायची थांबली नव्हती.

"बोगद्यातून नळ काढून केळी पोसता," ते म्हणाले. "शेवटच्या चारीला पाच वर्षं पाणी नाही. जळबा ते उघड करणार होता आणि तो मेला. पाटील, तुमचा गडी मेला असता तरी मी इथंच येऊन उभा राहिलो असतो."

अडकित्ता थांबला. "कसला नळ?"

"विहिरीतला."

"त्या विहिरीला झरा हाय असं मला सांगितलंय!" पाटील उठला. "आन् बाग माझी न्हाई. मी बटईनं करतो ती. जमीन पैले माझी व्हती, एकाहत्तर साली इकली. गावात बोभाटा नको म्हणून घेणाऱ्यानंच सांगितलं, बाग तुमचीच म्हणा. तलाठ्याकडं जा आन् सात-बारा काढा."

"कुणाचं नाव निघेल?"

"द्वारकाबाई. ग्यानोबा कारकुनाची बायको."

 मग पाटील परत बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "जळब्याचं मला काय सोयरसुतक न्हाई, खरं सांगतो. पण त्या कारकुनापायी मी फासावर चढणार न्हाई. आणखी एक सांगतो. ऐतवारी सकाळी मी पेटीतला कागद वाचला. माझ्या गव्हाला सोमवारी पाणी पाह्यजे व्हतं. बघतो तर सोमवार, मंगळवार बंद. म्हटलं, हे काय नवीनच? आन् वर तारीख तर येकतीस जानेवारीची. मजकूर नवा, तारीख जुनी. मी देवळापाशी ग्यानोबाला गाठून बोललो, अरे, तारीख चुकली बघ तुझी."

"तो काय म्हणाला?"

"हसला. बोलला, पाटील, उद्या करतो बराबर."

६

बुधवारी सकाळी सोनाजी कालवा कचेरीत पोचले तेव्हा जनकाबाई माठ भरत होती. त्यांनी पेटीतलं पाळीपत्रक जप्त केलं आणि ते टेबलावर, आवक टपालाच्या गठ्ठ्याशेजारी ठेवलं. कचेरीत आलेल्या प्रत्येक पत्रावर त्या दिवसाच्या तारखेचा शिक्का असतो. सोनाजींनी अकरा तारखेची पत्रं बाजूला काढली. चार होती. चारही शिक्के इतके फिकट, की आकडा जेमतेम लागत होता. पाळीपत्रकावरचा अकरा तारखेचा शिक्का मात्र गडद, कडेला शाई फुटलेला.

"जनकाबाई, शिक्क्याच्या गादीला शाई कोण घालतं?"

"मीच की. पंधरा दिस झाले, शाईच नव्हती. गादी पार वाळून गेली व्हती. सोमवारच्या पैल्या मोटारीनं बाटली आली."

"सोमवारी गादी कधी भरली?"

"साडेदहाला आसंल. बोगद्याकडून माणसं वरडत आली, जळबा मेला म्हणून. मी तिकडं पळून राहिले व्हते, तर कारकूनसाहेब बोलले, आधी गादी भरून दे, मग जा." तिनं ग्यानोबाकडं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "मला कामावरून काढतील का साहेब?"

शाखाधिकारी दारात येऊन उभा होता. ग्यानोबा खुर्चीतून उठला नाही. त्यानं पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.

"चूक झाली," तो म्हणाला. "कबूल करतो. शुक्रवारी पत्रक लावलं, शिक्का मारायचा राहिला. सोमवारी बातमी आली तेव्हा घाबरलो आणि मारला. नोकरीची भीती कुणाला नसते? पण विसरणं हा काही खून नाही, फौजदारसाहेब."

"शिक्का मारायचा राहिला असता तर कोपरा कोरा राहिला असता," सोनाजी म्हणाले. "कोरा कोपरा बघून संतरामनं आत येऊन विचारलं असतं. त्यानं तिथं एकतीस जानेवारी पाहिली, तीन दिवस. तो आरोपी आहे, त्याचं सोडा. कोंडीबा पाटलांनीही पाहिली."

"शिक्क्यातली तारखेची चाकं फिरवायची राहिली असतील. जुनीच तारीख उमटली असेल."

"त्या दिवशीच्या या चार पत्रांवर अकरा तारीख आहे. शिक्क्याची चाकं अकरावरच होती. नव्या कागदावर एकतीस जानेवारी उमटवायची तर ती मुद्दाम मागं फिरवावी लागतात, आणि नंतर पुन्हा पुढं आणावी लागतात. विसरणारा माणूस एवढी मेहनत घेत नाही."

ग्यानोबानं टोपण टेबलावर ठेवलं.

"पाटलांनी रविवारी सकाळी चूक दाखवली. तुम्ही इथं मागच्या खोल्यांतच राहता. पेटीतल्या कागदावर दुसरा शिक्का मारायला तुम्हाला पाच मिनिटं लागली असती. त्याऐवजी संध्याकाळी तुम्ही जनकाबाईच्या हाती निरोप पाठवला, की जळबानं आठला उतरावं. एकट्यानं. साहेबांचं नाव घेतलंत, कारण साहेबांचा निरोप असेल तरच तो जाणार होता. सोमवारी तो कागद काढून फाडला आणि हा दुसरा लिहून लावला. फक्त नव्या शाईचा विचार डोक्यात आला नाही."

शाखाधिकारी पुटपुटला, "मीच याला सांगितलं, जळबा काही दाखवणार आहे म्हणून."

"मी त्याला हात लावला नाही," ग्यानोबा एकदम मोठ्यानं म्हणाला. त्याचा बारीक आवाज खोलीभर झाला. "चाक मी फिरवलं नाही! संतरामला उघड म्हणून सांगितलं नाही! कुणालाही विचारा!"

"सांगायची गरजच नव्हती. फळ्यावर असेल ते तो करणार, आणि तारीख बदलल्याशिवाय फळा बदलणार नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. ते त्याला तुम्हीच शिकवलंत."

रतनसिंगनं बेड्या घातल्या तेव्हा मागच्या खोलीच्या दारात द्वारकाबाई उभी होती. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं. 

७

खटला सप्टेंबरात उभा राहिला. सरकारी वकिलांनी सोनाजींना आधीच बजावलं होतं. शाई, शिक्का, निरोप, सगळं ठीक आहे. पण नळाशी कारकुनाचा संबंध कसा लावणार? बाग बायकोच्या नावावर आहे एवढंच. नळ आधीच्या मालकानं घातला असं बचावाचा वकील म्हणेल आणि खुनाचं कारणच उरणार नाही. नळ कुणी बसवला हे सांगणारा माणूस पाहिजे.

सोनाजी पुन्हा वस्तीत गेले. पंचफुला शेणी थापत होती.

"त्या दिवशी तू मला सगळं सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

ती बराच वेळ थापत राहिली. शेवटी हात तसेच ठेवून म्हणाली, "त्यो नळ माझ्या नवऱ्यानं बसवलाय, साहेब."

सोनाजी खाली बसले.

"दुष्काळाच्या साली. कालवा आटला व्हता, बोगदा कोरडा पडला व्हता. ग्यानोबा कारकून बोलला, येवढं काम गुपचूप कर, तुला कालव्यावर कायम लावून घेतो. घरात दाणा नव्हता. यानं अन् कारकुनाच्या मेव्हण्यानं मिळून दगड फोडला. मग पाऊस झाला, कालव्याला पाणी आलं, पण आमच्या चारीला आलंच न्हाई. समदे बोलायचे, सरकार आमाला पाणी देत न्हाई. ह्यो गप ऐकायचा. शेजारच्या जिवनबाईचं वावर पडीक पडलं, तिचा नवरा पोटासाठी मुंबईला गेला, त्यो आलाच न्हाई. ते ऐकल्यावर ह्याला झोप यायना. पाच वर्सं साहेब. मग एक दिस बोलला, मी दाखवून देतो. जेलात घालतील तर घालू दे."

"हे कोर्टात सांगावं लागेल."

"समदी वस्ती आसंल तिथं."

"असेल."

"मेलेल्या माणसाला चोर म्हणायचं, ते मीच."

सोनाजींनी तिला आग्रह केला नाही. त्यांना तो करता आला असता. ते उठून गेले.

साक्षीच्या दिवशी पंचफुला पिंजऱ्यात उभी राहिली आणि वकिलानं विचारायच्या आधीच तिनं सगळं सांगून टाकलं. नळ कसा बसवला, कुणाच्या सांगण्यावरून, मोबदल्यात काय मिळालं. मेव्हण्याचं नावही सांगितलं. त्याला दुसऱ्या दिवशी उभं केलं तेव्हा तो तिच्यासमोर टिकला नाही. मागच्या बाकांवर वस्तीतली माणसं बसली होती. पंचफुला बोलत असताना त्यांच्यातली जिवनबाई उठली आणि बाहेर निघून गेली.

ग्यानोबाला जन्मठेप झाली. संतरामवर खटला झालाच नाही. पण त्यानं चौकीची किल्ली कचेरीत नेऊन दिली आणि नरसीला लेकीकडं राहायला गेला. दरवाजावर नवा माणूस आला.

वस्तीत पंचफुलाशी कुणी भांडलं नाही. फक्त बोलणं थांबलं. हातपंपावर ती आली की बाया आपापल्या घागरी उचलून बाजूला होत. तिनं कुणाला दोष दिला नाही. खुरपायला ती परगावच्या बायांबरोबर जाऊ लागली.

त्या वर्षी रब्बीला नळ फोडून भिंत बुजवली गेली. डिसेंबरात शेवटच्या चारीला पाणी सुटलं. सोनाजी त्या दिवशी दुसऱ्याच कामानं तिकडून चालले होते. त्यांनी गाडी थांबवली.

चारीतला तरवड उपटून काठावर टाकलेला होता. गढूळ पाणी पुढं काटक्या ढकलत हळूहळू येत होतं आणि सात घरांची माणसं काठानं त्याच्याबरोबर चालत होती. पाळीपत्रकाप्रमाणं पहिली पाळी पंचफुलाच्या वावराची होती. ती फावडं घेऊन आपल्या बांधाशी उभी होती, एकटी.

पाणी तिच्या बांधाशी आलं. तिनं बांध फोडायला फावडं मारलं नाही.

"जिवनबाई," तिनं हाक मारली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. "पाणी पुढं घिऊन जा. आधी तुझं भिजू दे."

जिवनबाई थांबली. तिनं पंचफुलाकडं पाहिलं, मग पाण्याकडं.  पदर खोचला, वाकून पंचफुलाच्या हातातलं फावडं घेतलं आणि पाण्याच्या पुढं चालू लागली.

पंचफुला तिथंच उभी राहून बघत होती. पाणी तिचा बांध मागं टाकून खाली गेलं.